फणसाच्या फळीवर सीएनसीने रंगीत पाटी

आमच्या पडवीत आता सीएनसी राउटर आहे, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारं मशीन. त्याच जागी बाबांनी ३० वर्षं पाट्या रंगवल्या. दुकानांची शटरं, देवळातले देणगीदारांचे फलक, लग्नाच्या गाडीवरचं ‘शुभविवाह’, सगळं त्यांच्या ब्रशातून कुडाळ-मालवणभर फिरलं. मग फ्लेक्स आला आणि त्यांचं काम आटलं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून दोन वर्षं एमआयडीसीत काढली आणि परत येऊन हे मशीन घेतलं. ६०० बाय ९०० मिमीचा बेड, २.२ किलोवॉटचा पाण्यावर थंड होणारा स्पिंडल (बिट म्हणजे कोरायचं पातं फिरवणारी मोटर), हातात धरून मशीन चालवायचा डीएसपी कंट्रोलर. फार मोठं काही नाही, पाट्यांना पुरतं.

तारकर्लीला होमस्टे चालवणाऱ्या एका काकूंना गल्लीच्या तोंडाशी पाटी हवी होती: ‘किनाऱ्याकडे’ आणि पुढे बाण. पर्यटक चुकून त्यांच्या माडाच्या बागेत शिरायचे. ती पाटी कशी केली ते इथे सांगते. आकडे माझ्या मशीनचे आणि आमच्या हवेचे आहेत. तुमच्याकडे थोडेफार बदलतील.

लाकूड

बाहेरच्या पाटीला मी फणस वापरते. सागवान उत्तमच, पण आमच्याकडे फणस घरचा असतो. त्याला वाळवी सहसा लागत नाही, रेषा (लाकडाचा धागा) बऱ्यापैकी सरळ असतो आणि कोरताना टवके कमी उडतात. मात्र मधलं पिवळं लाकूडच घ्यायचं. सालीलगतचा पांढुरका भाग किडा पोखरतो. ही फळी वादळात पडलेल्या झाडाची. वखारीत सव्वा इंची कापून घेतली आणि मांगरात (शेतातल्या खोपटात) मध्ये पट्ट्या घालून दोन उन्हाळे वाळवली. इंचभर जाडीला वर्षभर, हा जुना हिशोब कोकणात अपुरा पडतो. माझ्याकडे दोन सुयांचा ओलावा मोजायचा मीटर आहे. मे महिन्यात १२-१३ टक्के दाखवणारी फळी जुलैत १७ वर जाते. म्हणून बाहेरच्या पाट्यांचं लाकूडकाम मी होळी ते मृग एवढ्यातच उरकते. पावसाळ्यात फक्त अक्षरं जुळवायची.

रंधून २५ मिमी जाडी ठेवली. सुताराच्या हिशोबात आठ सूत, म्हणजे पूर्ण इंच. सहा सुताची फळीही चालली असती, पण बाहेर उन्हात पातळ फळी लवकर वाकते. पाटी ८०० बाय २०० मिमीची व्हायची होती, मी फळी ८८० ठेवली. दोन्ही टोकांचे ४०-४० मिमी बेडला स्क्रूने आवळण्यासाठी. ते शेवटी कापून टाकायचे.

लाकूड नुसतं पॉलिश करून नैसर्गिक ठेवायचं की रंगवायचं, हे आधीच ठरवा. घरातल्या पाटीला पॉलिश शोभतं. बाहेर, त्यातून समुद्राकाठी, पारदर्शक वार्निश ऊन आरपार जाऊ देतं. खालचं लाकूड काळवंडतं आणि वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. रंगातली पूड ऊन अडवते. काकूंना लाकडाचा रंग दिसायला हवा होता. मी त्यांना दोन वर्षांपूर्वीची माझीच एक वार्निश केलेली पाटी नेऊन दाखवली, तेव्हा त्या बॉटल ग्रीनला तयार झाल्या.

आधी रंग, मग कोरकाम

हे अनेकांना उलटं वाटतं. पण पृष्ठभाग आधी पूर्ण रंगवून, त्यावर विनाइल (स्टिकरसारखा चिकट प्लास्टिकचा पातळ थर) चिकटवून, विनाइलसकट कोरलं की अक्षरांची धार स्वच्छ येते. खाचेत वेगळा रंग भरला तरी बाहेर ओघळत नाही.

१२० आणि मग १८० नंबरच्या पॉलिशपेपरने रेषेच्या दिशेने घासलं. गुलाबी वूड प्रायमर टर्पेंटाइनने थोडा पातळ करून एक हात, गाठींच्या भेगांत लांबी (पुट्टी) भरली, वाळल्यावर २२० ने घासलं आणि बॉटल ग्रीन ऑइल पेंटचे दोन हात. मागची बाजू आणि चारही कडासुद्धा तितक्याच हातांनी रंगवायच्या. पुढून रंग आणि मागून कोरडं लाकूड असं ठेवलं तर मागची बाजू दमट हवा पिते आणि फळी परातीसारखी वाकते. फळीच्या दोन टोकांना, जिथे लाकूड आडवं कापलेलं असतं, तिथे मी एक हात जास्त देते. पाणी तिथूनच सर्वात जास्त आत जातं. या पाटीची टोकं नंतर कापायची होती, म्हणून तो जादा हात कापल्यावर दिला.

मग पाच दिवस थांबायचं. ऑइल पेंट दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागतो, पण आतून कच्चा असतो. कच्च्या रंगावर विनाइल लावलं तर काढताना हिरवा रंगही सालीसारखा निघून येतो. मला हे एका दत्तमंदिराच्या पाटीने शिकवलं. सगळं पुन्हा घासावं लागलं.

अक्षर

खरं काम इथे आहे, आणि मशीनला त्यातलं काही कळत नाही.

बहुतेक सीएनसी सॉफ्टवेअरना देवनागरी नीट जुळवता येत नाही. ‘कि’ची वेलांटी क च्या मागे जाऊन बसते, ‘ऱ्या’चा र सुटा पडतो, जोडाक्षरांचे पाय मोडतात. म्हणून मी अक्षरं इंकस्केप या आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिते. ते मोफत आहे आणि युनिकोड मराठी बरोबर जुळवतं. गिऱ्हाइकं जुन्या छपाईच्या फाइली आणतात, कृतिदेव किंवा श्रीलिपीतल्या. तो फॉन्ट तुमच्याकडे नसेल तर पडद्यावर निव्वळ कचरा दिसतो. तिथे डोकं लावत बसू नका, मजकूर नव्याने टाइप करा. आणि गिऱ्हाइकाकडून कागदावर सही घ्या. ‘ऱ्या’ऐवजी ‘र्या’ कोरला गेला तर लांबी भरून लपत नाही.

फॉन्ट मी ‘मुक्त’ घेतला, मुंबईच्या एक टाइपचा, जाड वजनाचा. खुल्या परवान्याचा आहे, व्यवसायात वापरता येतो. रस्त्यावरच्या पाटीला बारीक-जाड रेषांचा नखरेल फॉन्ट नको. बारीक रेषेची खाच उथळ येते आणि पहिल्याच रंगात बुजते. ल आणि श असलेला मजकूर असेल तर आणखी एक गोष्ट तपासा: मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा. बरेच फॉन्ट मुळात हिंदी वळणाचा दंडाचा ल देतात आणि भाषा मराठी निवडली तरच अक्षर बदलतात. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानांच्या मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा दिवाळीच्या आगेमागे घाईघाईत केलेल्या पाट्या आमच्याकडे दुरुस्तीला आल्या. त्यातल्या निम्म्या याच दोन अक्षरांच्या.

उंचीसाठी ढोबळ हिशोब असा की दर १० फुटांना इंचभर अक्षर. गल्लीच्या तोंडाशी ३० फुटांवरून वाचता यायला हवं, म्हणून शिरोरेषेखालचं अक्षर ७५ मिमी घेतलं. वेलांटी आणि ‘डे’ची मात्रा शिरोरेषेच्या वर जातात, त्यांना ३५ मिमी सोडले. इंग्रजी पाटी करणाऱ्यांना ही वरची जागा लागत नाही, त्यामुळे त्यांचे तयार साचे आपल्याला उपयोगाचे नाहीत. ते वापरले तर मात्रा पाटीच्या कडेला टेकते.

टाइप केल्यावर ‘ऑब्जेक्ट टू पाथ’, मग ‘अनग्रुप’. आता प्रत्येक अक्षर सुटं झालं. इथे बाबांना बोलवते. ते चष्मा कपाळावर घेऊन पडद्यापासून सहा फूट मागे उभे राहतात.

“‘क’ वायच जवळ घे,” ते म्हणाले. “आणि ‘ऱ्या’क श्वास घेऊक जागा दी.”

फॉन्टमधली अंतरं पुस्तकासाठी केलेली असतात. पाटीवर ‘ना’च्या कान्यानंतर मोकळं दिसतं आणि ‘ऱ्या’ गच्च होतो. अक्षरं डावी-उजवीकडे सरकवायची. शिरोरेषा एकमेकींवर चढल्या तरी हरकत नाही. पडदा पुरेसा नाही, म्हणून मी कागदावर खऱ्या मापाची छपाई काढून भिंतीला लावते आणि रस्त्यापलीकडून बघते. बाबा ती उलटीही लावतात. उलट्या अक्षरात शब्द वाचला जात नाही, नुसत्या मोकळ्या जागा दिसतात.

सरकवून झालं की सगळी अक्षरं निवडून ‘युनियन’, म्हणजे सगळ्यांची मिळून एकच आकृती. ही पायरी देवनागरीत कधीही विसरू नका. प्रत्येक अक्षराची स्वतःची शिरोरेषा असते आणि ती शेजारच्या अक्षरात थोडी घुसलेली असते. युनियन केलं नाही तर मशीनला त्या दोन वेगळ्या आकृत्या वाटतात, आणि प्रत्येक सांध्यावर शिरोरेषेत एक आडवा कट पडतो. ‘आउटलाइन’ दृश्यात बघून खात्री करा की शिरोरेषा सलग आहे, आत एकही रेघ नाही. बाणही इथेच काढला. फाइल एसव्हीजी ठेवली. सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर आधी रुंदी मोजायची, कारण माप कधी कधी लहान-मोठं होऊन येतं.

बिट आणि खोली

अक्षरं टोकदार व्ही-बिटने कोरायची. सपाट बुडाची खाच केली तर पाटी उभी लावल्यावर प्रत्येक खाचेच्या खालच्या कडेवर पाणी साचतं, आणि शिरोरेषा म्हणजे तर अर्धा मीटर लांबीची पन्हळच. व्ही खाचेची खालची बाजू उतरती असते, पाणी ओघळून जातं.

९० अंशांचा बिट असेल तर खोली रेषेच्या रुंदीच्या निम्मी येते. १२ मिमीची रेषा, ६ मिमी खोल. ६० अंशांच्या बिटला तीच रेषा कोरायला सुमारे १०.४ मिमी खाली जावं लागतं. जाड अक्षर असेल तर सहा सुताच्या फळीतून बिट आरपार निघू शकतो. बाहेरच्या जाड अक्षराला ९०, घरातल्या नाजूक नावाला ६०, असं मी ठेवलंय. जिथे दांडी शिरोरेषेला मिळते तिथे जागा रुंद होते आणि बिट आपोआप खोल जातो. म्हणून कमाल खोली ७ मिमीवर बांधली.

माझी ठरलेली चूक म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये ९० आणि स्पिंडलमध्ये ६० चा बिट. तसं झालं की १२ मिमीची रेषा जेमतेम ७ मिमीची येते, अक्षरं उपाशी दिसतात. फळी हलवली नसेल तर घाबरू नका. योग्य बिट लावा, झेड झिरो (उंची मोजायची सुरुवात) पुन्हा घ्या, तोच प्रोग्राम चालवा, खाच रुंद होऊन बरोबर बसते. उलट झालं, म्हणजे हिशोब ६० चा आणि बिट ९० चा, तर अक्षरं फुगतात आणि फळी चुलीत जाते. आता बिटच्या दांड्यावर मी नेलपेंटने खूण केलीय: लाल म्हणजे ९०.

मशीनवर

फळी रंगवण्याआधी तिची वरची बाजू मशीनवरच सरफेसिंग बिटने सपाट करून घेतली होती. कारण ९० च्या बिटला उंचीत अर्ध्या मिमीचा फरक पडला तर रेषेच्या रुंदीत पूर्ण १ मिमीचा पडतो. एका टोकाला ‘कि’ जाड आणि दुसऱ्या टोकाला ‘डे’ बारीक दिसला, तर दोष फॉन्टचा नसतो, फळी वाकडी असते.

विनाइल लावताना मधून बाहेर फडक्याने दाबत जायचं, हवा राहू द्यायची नाही. झेडचा झिरो विनाइलच्या वरच्या पृष्ठावर. एक्स-वायचा, म्हणजे लांबी-रुंदीचा, झिरो जिथे घेतला तिथे, टोकाच्या वाया जाणाऱ्या भागात, मी २ मिमीचं बारीक भोक पाडून ठेवते. आमच्याकडे वीज सांगून जात नाही. कंट्रोलर ‘पुढे चालू करू का’ विचारतो खरा, पण मध्ये स्पिंडल जरा जरी हलला असेल तर सगळं सरकतं. भोक असलं की बिट पुन्हा तिथे टेकवता येतो. या पाटीत ‘ना’च्या कान्यात वीज गेलीच.

आधी झेड २० मिमी वर उचलून अख्खा प्रोग्राम हवेत चालवला. बिट स्क्रूवर जात नाही ना, बघायला. मग स्पिंडल मिनिटाला १८००० फेऱ्यांवर, पुढे जाण्याचा वेग मिनिटाला १८०० मिमी, खाली उतरण्याचा ५००. फेऱ्या जास्त आणि वेग कमी ठेवला तर बिट कापण्याऐवजी घासतो आणि लाकूड जळल्याचा वास येतो. दोन खेपांत कोरलं, दुसरी अगदी पातळ, शेवटचे ०.३ मिमी घेणारी. तिने खाचेच्या भिंती गुळगुळीत होतात. ओढणी काढून ठेवायची, वेणी आत खोचायची, हातमोजे घालायचे नाहीत. फणसाचा भुसा नाकात बसतो, मास्क हवाच.

‘क’च्या पोटातला एक छोटा टवका उडाला. विनाइलला चिकटून राहिला होता म्हणून सापडला. लाकडाच्या गोंदाने परत बसवला. तीन मिमीपेक्षा बारीक बेट मध्ये उरत असेल तर ते उडणारच असं समजा आणि फॉन्ट थोडा मोठा करा.

खाचेतला रंग

कोरल्यावर कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने भुसा काढायचा. ओलं फडकं अजिबात नको, रेषे उभे राहतात. आत आता कोरं लाकूड आहे, ते रंग पिणार. म्हणून पातळ प्रायमरचा एक हात, फक्त खाचेत. विनाइल अजून वरच आहे. हा हात दिला नाही तर रंग रेषेच्या बाजूने विनाइलखालून झिरपतो आणि अक्षरांना मिश्या फुटतात.

दुसऱ्या दिवशी क्रीम रंगाचा ऑइल पेंट, दोन पातळ हात, मध्ये एक रात्र. व्ही खाचेच्या तळाशी रंग साचतो, तो ब्रशच्या टोकाने उचलून घ्यायचा. जाड थर वरून वाळतो आणि खाली महिनाभर मऊ राहतो. मला बाण लाल हवा होता. बाबांनी मान हलवली. हिरव्यावर लाल तिन्हीसांजेला दिसत नाही, आणि काही पुरुषांना ते दोन रंग वेगळे कळतच नाहीत. बाणही क्रीमच झाला.

विनाइल काढायची वेळ साधावी लागते. शेवटच्या हातानंतर रंग बोटाला चिकटत नाही पण नखाचा ठसा उमटतो, तेव्हा. आमच्या एप्रिलच्या हवेत साधारण चार-पाच तास. विनाइल सरळ वर ओढायचं नाही. स्वतःवर दुमडून, फळीला जवळजवळ टेकवत ओढायचं. ओढताना कडेचा रंग तुटत असेल तर थांबून पात्याने कडेकडेने हलकी रेघ मारावी.

त्यानंतर बाबांचा शून्य नंबरचा ब्रश. गोंद लावलेल्या ‘क’चा सांधा, ‘ऱ्या’च्या वळणाशी राहिलेला हिरवा ठिपका, शिरोरेषेच्या टोकाचा कोपरा. मशीन टोक गोल सोडतं असं नाही, पण ते टोक कुठे संपवायचं याचं त्यांचं एक मत असतं. अर्धा तास लागला.

वरून आणखी काही मारण्याचा मोह होतो. मी एकदा चमक यावी म्हणून ऑइल पेंटवर एनसी लॅकर फवारला. त्यातल्या थिनरने खालचा रंग उचलला आणि अक्षरांवर दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या आल्या. ऑइल पेंटवर द्यायचंच तर ऑइल वार्निश द्या, आठवड्यानंतर. या पाटीला काहीच दिलं नाही.

लावताना

टोकं कापली, कापलेल्या कडांना प्रायमर आणि तीन हात. स्क्रू स्टेनलेसचे, ३१६ ग्रेडचे. साधे लोखंडी एका पावसात गंजून खाली तांबडे ओघळ सोडतात. खांब आणि पाटीमध्ये जाड वॉशर घालून १० मिमी फट ठेवायची, म्हणजे मागे हवा खेळते. एका बाजूची भोकं गोल आणि दुसऱ्या बाजूची किंचित लांबट, लाकूड फुगलं तर सरकायला जागा हवी. उरलेला हिरवा आणि क्रीम रंग छोट्या बाटल्यांत भरून काकूंना दिला. दर दसऱ्याला खालची कड बघा म्हटलं. रंग तिथून पहिला उडतो.

एवढं सगळं करून तारकर्लीला पोचलो. बाबांनी पाटी गाडीतून काढली, खांबाला धरली आणि माझ्याकडे बघितलं.

“गो, ह्यो बाण खंय चललो? समुद्राक की बाजाराक?”

काकूंनी फोनवर सांगितलं होतं त्या बाजूला एमएसईबीचा नवा खांब आला होता, म्हणून त्यांनी आपला खांब गल्लीच्या पलीकडे रोवला होता. पलीकडून बाण बरोबर उलटा. फळी २५ मिमीची आणि खाच ७ ची, त्यामुळे मागची बाजू अजून मोकळी होती आणि तिला हिरवे दोन हात होतेच. पाटी परत आणली, उलटी करून बेडवर आवळली. टोकांचे ४०-४० मिमी कापून झालेले, म्हणून या वेळी चारही बाजूंनी लाकडाचे तुकडे दाबून. डाव्या बाणाचा प्रोग्राम केला. आता ती पाटी खांबाला कडेने लावलीय, दोन्ही बाजूंनी वाचता येते. तुम्ही मात्र कोरण्याआधी पाटीच्या जागेचा फोटो मागवा, खांब रोवून झाल्यानंतरचा.